दैनंदिन पावसाच्या नोंदींतून अतिवृष्टीचा पुनरावृत्ती-काळ कसा काढावा

रस्त्याखालची मोरी, पाझर तलावाचा सांडवा किंवा शहरातील पावसाळी गटार यांपैकी काहीही आखायचे झाले, की पहिला प्रश्न येतो तो असा: या ठिकाणी सरासरी २५, ५० किंवा १०० वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा पाऊस किती मिलिमीटर धरावा? या ‘इतक्या वर्षांतून एकदा’ला पुनरावृत्ती-काळ म्हणतात. उत्तर काढण्याची रीत जुनी आहे आणि तिची आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये तासाभरात उरकते, त्यामुळे ती बहुतेक वेळा डोळे झाकून केली जाते. प्रत्यक्षात शेवटचा आकडा ठरतो तो सूत्र लावण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांवर: पाऊस कोणत्या तारखेचा मानला, गहाळ दिवसांचे काय केले, एखादा अचाट आकडा ठेवला की वगळला. म्हणून या लेखात सूत्रापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या कामावर अधिक भर दिला आहे. सुरुवातीचे सगळे काम साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. अनिश्चितता काढण्याच्या टप्प्यावर पायथन किंवा आर यांपैकी एखादी संगणकभाषा येत असेल, तर श्रम वाचतात.

प्रश्न नेमका लिहून घ्या

नोंदींची फाइल उघडण्याआधी एका ओळीत लिहावे, की पाऊस कोणत्या जागेचा, किती कालावधीचा आणि कशासाठी हवा आहे. पाणलोट मोठा असेल आणि पाणी मोरीपर्यंत पोहोचायला दिवसभर लागत असेल, तर दैनंदिन पाऊस उपयोगाचा आहे. शहरातील एखाद्या नाल्याला पाणी अर्ध्या तासात येऊन मिळत असेल, तर दैनंदिन आकडा कितीही काटेकोरपणे काढला तरी निरुपयोगी ठरतो. तिथे तासाच्या किंवा पंधरा मिनिटांच्या नोंदीच लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘एक दिवस’ आणि ‘२४ तास’ यांतील फरक. भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांवर पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो, त्यामुळे नोंदीतला दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो. पावसाचा जोर मात्र घड्याळ पाहून येत नाही. पहाटे चारपासून दुपारपर्यंत कोसळलेली एकच सर दोन तारखांत वाटली जाते आणि कोणत्याच तारखेला तिचे खरे रूप दिसत नाही. ठरावीक वेळी मोजलेल्या कमाल पावसावरून कोणत्याही सलग २४ तासांतील कमाल पाऊस काढण्यासाठी १.१३ ने गुणण्याचा प्रघात जलशास्त्रात आहे. हा गुणक सरासरीपुरताच खरा असल्यामुळे तो मालिकेतील प्रत्येक आकड्याला लावण्याऐवजी शेवटच्या उत्तराला एकदाच लावावा आणि लावल्याचे अहवालात नोंदवावे.

नोंद कोणती घ्यावी

पुण्याच्या हवामान विभागाकडून दोन प्रकारची सामग्री मिळते. एक म्हणजे केंद्रनिहाय दैनंदिन नोंद. दुसरी म्हणजे १९०१ पासूनची चौकटींची सामग्री, जिच्यात देशाचे ०.२५ अंश बाय ०.२५ अंशांचे चौकोन पाडून केंद्रांच्या नोंदींवरून प्रत्येक चौकोनाचा पाऊस अंदाजलेला असतो. या चौकटींच्या फाइलीत १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश असतात, आणि जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. हा उणे ९९९ वेळीच काढून टाकला नाही, तर सरासरीत बेमालूम मिसळतो. वार्षिक कमाल पावसावर त्याचा काही परिणाम दिसत नाही, म्हणूनच तो जास्त फसवा आहे.

चौकटींची सामग्री सलग आणि सुटसुटीत असल्यामुळे तीच घेण्याचा मोह होतो. मात्र एका चौकटीची बाजू सुमारे २७ किलोमीटर असते, आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात पावसाचे जग बदलते. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात रस्त्याने तीसेक किलोमीटर अंतर आहे. एक देशातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी, तर दुसरे पर्जन्यछायेच्या कडेला. मुंबईतले उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. २००५ च्या जुलैत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला कुलाब्याला तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. अशा दोन नोंदींची सरासरी काढणारी कोणतीही चौकट टोकाचा पाऊस बोथट करते. म्हणून विस्तृत पाणलोटासाठी चौकटींची सामग्री आणि एका जागेच्या बांधकामासाठी जवळच्या केंद्राची नोंद, असा साधा नियम पाळावा.

महसूल मंडळांत उभारलेल्या महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांमुळे आता गावाजवळचा आकडा मिळू लागला आहे. नुकसानभरपाईसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष त्यांच्या नोंदींवर तपासला जातो. त्या कामाला ही केंद्रे योग्य आहेत, पण त्यांची मालिका अजून लहान आहे आणि तिच्यातून १०० वर्षांचा अंदाज काढू नये. किमान ३० वर्षांची, शक्यतो ५० वर्षांची नोंद हातात असावी.

तारखा तपासा, मग आकडे

स्प्रेडशीटचे काम बहुधा तारखांपाशीच बिघडते. आपण दिवस-महिना-वर्ष असे लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर तो आधी महिना वाचतो. कुलाब्याला ५ जुलै १९७४ रोजी ५७५.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ‘०५/०७/१९७४’ ही नोंद अशा संगणकात ७ मे होते. १३ तारखेपासून पुढचे दिवस महिना म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून ते नुसता मजकूर बनून राहतात आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही.

हा घोळ ओळखण्याची खूण सोपी आहे. पिव्हट टेबल करून प्रत्येक महिन्याचा आणि तारखेचा सरासरी पाऊस मांडावा. १ ते १२ जुलैचा पाऊस जानेवारी ते डिसेंबर या प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेला जाऊन बसतो, जूनचा ६ तारखेला, ऑगस्टचा ८ ला आणि सप्टेंबरचा ९ ला. कोकणातल्या केंद्रावर दरवर्षी फेब्रुवारीच्या ६ ते ९ तारखांना धो धो पाऊस दिसू लागला, तर हवामानबदलाचा शोध लावण्याआधी तारखेची मांडणी पाहावी. यावर कायमचा उपाय म्हणजे फाइल आयात करतानाच तारखेचा रकाना मजकूर म्हणून घेणे आणि दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने स्वतः पाडणे.

तारखेचा आणखी एक प्रश्न अर्थाचा आहे. साडेआठला मोजलेला पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहिला जातो. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर लोकांच्या आठवणीत २६ जुलैचे आहेत, कारण पाऊस त्या दुपारी आणि संध्याकाळी कोसळला. हवामान विभागाच्या दैनंदिन नोंदीत ते २७ जुलै २००५ या तारखेपुढे सापडतात. वार्षिक कमाल काढताना याने काही बिघडत नाही. पण पावसाची नदीच्या पातळीशी, उपग्रहाच्या अंदाजाशी किंवा वर्तमानपत्रातील बातमीशी तुलना करायची असेल, तर ही एका दिवसाची सरक ध्यानात न घेतल्यास चांगला असलेला संबंधही तुटलेला दिसतो.

शून्य, रिकामे आणि गहाळ

रिकामा कप्पा म्हणजे पाऊस नव्हता की मोजला गेला नाही, हे प्रत्येक फाइलीत वेगळे असते. जुन्या हस्तलिखित तक्त्यांत कोरड्या दिवशी रेघ मारत किंवा काहीच लिहीत नसत. टंकताना दोन्हींचे शून्य होते. याची परीक्षा करण्यासाठी प्रत्येक वर्षातील जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांपैकी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे, म्हणजे हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे पावसाळी दिवस मोजावेत. एरवी ८० ते १०० पावसाळी दिवस असणाऱ्या घाटमाथ्यावरच्या केंद्रात एखाद्या वर्षी ३५ च निघाले आणि शेजारच्या केंद्रांत तसे काही दिसले नाही, तर त्या वर्षी शून्यांच्या नावाखाली गहाळ दिवस लपले आहेत असे समजावे.

रविवारी किंवा सुटीच्या दिवशी सातत्याने शून्य आणि दुसऱ्या दिवशी मोठा आकडा दिसत असेल, तर दोन दिवसांचा पाऊस एकदम मोजला गेला आहे. वारनिहाय सरासरी काढली, की हे लगेच दिसते, कारण पावसाला रविवार माहीत नसतो.

गहाळ दिवस भरून काढावेत का? मासिक किंवा हंगामी बेरजेसाठी शेजारच्या केंद्रांवरून भरणे मान्य आहे. कमाल पावसाच्या कामासाठी मात्र भरू नयेत, कारण भरलेला आकडा नेहमी सपाट असतो आणि आपल्याला तर टोकच हवे असते. ज्या वर्षी जून ते सप्टेंबरमधील १२ हून अधिक दिवस गहाळ आहेत, ते वर्ष वगळावे असा नियम मी पाळतो. याला एक अपवाद करावा लागतो. मापक नेमका मोठ्या पावसातच बंद पडतो, बाटली भरून वाहते किंवा मोजणारा माणूसच पोहोचू शकत नाही. शेजारच्या सर्व केंद्रांवर अतिवृष्टी आणि आपल्या केंद्रावर त्याच दिवशी रिकामा कप्पा असेल, तर ते वर्ष नुसते वगळल्याने मालिका खालच्या बाजूला झुकते. असे वर्ष वेगळी खूण करून ठेवावे आणि अहवालात त्याचा उल्लेख करावा.

वार्षिक कमाल मालिका आणि पहिले चित्र

आता प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा दैनंदिन पाऊस घ्यावा. महाराष्ट्र आणि गोव्यात जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरले तरी चालते, कारण मुख्य पाऊस वर्षाच्या मध्यावर असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून तिथे जलवर्ष, म्हणजे कोरड्या काळात सुरू होऊन कोरड्या काळातच संपणारे वर्ष, धरणे अधिक सुरक्षित.

मालिका हातात आल्यावर सूत्राकडे न जाता दोन चित्रे काढावीत. पहिले म्हणजे वर्षानुसार कमाल पाऊस. त्यात पायरीसारखी उडी दिसली, तर केंद्राची जागा बदलली का, मापक बदलला का, शेजारी इमारत उभी राहिली का, हे विचारावे. दुसऱ्या चित्रासाठी आकडे उतरत्या क्रमाने लावावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक ‘एकूण वर्षे अधिक एक’ याने भागावा. ५० वर्षांच्या मालिकेत पहिल्या आकड्याची ओलांडली जाण्याची संभाव्यता ५१ पैकी १, म्हणजे प्रायोगिक पुनरावृत्ती-काळ ५१ वर्षे. पुढे जे सूत्र बसवायचे, ते या बिंदूंवरून कसे जाते हे पाहणे हीच त्याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा असते.

गंबेल वितरण बसवणे

वार्षिक कमाल मूल्यांसाठी एमिल गंबेल या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे वितरण, म्हणजे किती मोठा आकडा किती वेळा येतो हे सांगणारे सूत्र, आपल्याकडील अभियांत्रिकीत सर्वाधिक वापरले जाते. त्याला दोनच प्राचल (वितरणाची जागा आणि पसारा ठरवणाऱ्या संख्या) लागतात आणि ते सरासरी व प्रमाण विचलनावरून, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याच्या मापावरून, निघतात. प्रमाण विचलनाला ०.७७९७ ने गुणले, की विस्तार-प्राचल मिळतो; सरासरीतून विस्तार-प्राचलाची ०.५७७२ पट वजा केली, की स्थान-प्राचल मिळतो. हव्या त्या पुनरावृत्ती-काळाचा पाऊस म्हणजे स्थान-प्राचल अधिक विस्तार-प्राचल गुणिले एक ठरावीक संख्या. ही संख्या २ वर्षांसाठी ०.३६७, १० साठी २.२५०, २५ साठी ३.१९९, ५० साठी ३.९०२ आणि १०० साठी ४.६०० आहे.

समजा, ५० वर्षांच्या मालिकेची सरासरी १८० मिलिमीटर आणि प्रमाण विचलन ९० मिलिमीटर आहे (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत). विस्तार-प्राचल ७०.२ आणि स्थान-प्राचल १३९.५ येतो. मग १० वर्षांचा पाऊस सुमारे २९७, २५ वर्षांचा ३६४ आणि १०० वर्षांचा ४६२ मिलिमीटर निघतो. एवढेच गणित आहे.

तरीही दोन अभियंते याच मालिकेवरून, दोघेही गंबेल वापरून, वेगळी उत्तरे देऊ शकतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाणारी रीत मालिकेच्या लांबीप्रमाणे तक्त्यातून दोन आकडे घ्यायला सांगते. ५० वर्षांसाठी ते ०.५४८५ आणि १.१६०७ आहेत. ४.६०० मधून पहिला वजा करून दुसऱ्याने भागले, की ३.४९ हा गुणक मिळतो, त्याने प्रमाण विचलनाला गुणून ते सरासरीत मिळवले की उत्तर ४९४ मिलिमीटर येते. पहिल्या रीतीपेक्षा हे ३२ मिलिमीटरने जास्त आहे. यात चूक कोणाचीच नाही. मालिका जितकी लांब, तितका दोन्हींतला फरक कमी होत जातो. पायथनमधील सायपायसारख्या गणिती आज्ञावलींच्या संग्रहात तिसरीच, कमाल संभाव्यतेची रीत (हाती असलेले आकडे येण्याची शक्यता सर्वाधिक ठरवणारे प्राचल निवडण्याची) वापरलेली असते आणि तिचे उत्तर या दोन्हींशी जुळेलच असे नाही. म्हणून ‘गंबेल पद्धतीने काढले’ एवढे लिहिणे अपुरे आहे. प्राचल कोणत्या रीतीने काढले, तेही लिहावे.

तो एक अचाट आकडा

सांताक्रूझसारख्या केंद्राची मालिका घेणाऱ्याला ९४४ चे काय करायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचा परिणाम किती होतो, हे पाहण्यासाठी पुन्हा एक बनवलेले उदाहरण घेऊ. ४९ वर्षांची सरासरी १८० आणि प्रमाण विचलन ६० आहे, आणि पन्नासाव्या वर्षी ९४४ येतो. सरासरी १८० वरून १९५ होते, म्हणजे फारसे काही घडत नाही. प्रमाण विचलन मात्र ६० वरून १२३ वर, दुपटीपलीकडे जाते. पहिल्या, म्हणजे प्राचल थेट काढण्याच्या रीतीने १०० वर्षांचा पाऊस ३६८ वरून ५८२ मिलिमीटर होतो, आणि १० वर्षांचाही २५८ वरून ३५६. एका दुपारच्या पावसाने दर दहा वर्षांनी येणाऱ्या पावसाचा अंदाज जवळजवळ १०० मिलिमीटरने वाढवला, हे कोणाही जाणकाराला खटकले पाहिजे.

आता उलट बाजू पाहू. ९४४ वगळून बसवलेल्या वितरणाला ‘मग ९४४ किती वर्षांतून एकदा?’ असे विचारले, तर उत्तर सुमारे २ कोटी वर्षे येते. धरून बसवलेल्या वितरणाला विचारले, तर सुमारे ४,३०० वर्षे. पहिले उत्तर हास्यास्पद आहे, आणि त्याचा अर्थ ९४४ खोटा आहे असा होत नाही, तर गंबेलची शेपटी, म्हणजे वितरणाचे मोठ्या, दुर्मीळ पावसाकडचे टोक, या जागेसाठी फार लवकर बारीक होते असा होतो. मोजणीची चूक सिद्ध झाल्याशिवाय निरीक्षण वगळू नये, हा नियम इथे काटेकोरपणे पाळावा. सांताक्रूझच्या नोंदीला तर बातम्या, पूरपातळ्या आणि आसपासच्या इतर मोजण्यांचा भरपूर दुजोरा आहे.

मार्ग दोन आहेत. एक म्हणजे प्राचल काढायला एल-मोमेंट, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून काढलेली मापे, वापरणे. त्यात विचलनाचे वर्ग होत नाहीत, त्यामुळे एखाद्या आकड्याची दादागिरी कमी होते. दुसरा म्हणजे गंबेलऐवजी सामान्यीकृत टोकमूल्य वितरण घेणे, ज्याला आकाराचा तिसरा प्राचल असतो आणि शेपटी जाड ठेवता येते. सायपाय वापरणाऱ्यांनी इथे सांभाळावे: त्या संग्रहात आकार-प्राचलाचे चिन्ह हवामानशास्त्रातील बऱ्याच लेखनाच्या उलट धरले आहे. तिथे उणे उत्तर आले, तर शेपटी जाड असते. अधिक आले, तर पावसाला वरची मर्यादा असते. चिन्ह उलटे वाचल्याने जाड शेपटीला मर्यादित म्हटल्याची उदाहरणे प्रबंधांतही आढळतात.

तिसरा प्राचल फुकट मिळत नाही. ५० आकड्यांवरून तो फार डळमळीत निघतो. आसपासच्या, एकसारख्या हवामानाच्या केंद्रांच्या मालिका प्रत्येकीच्या सरासरीने भागून एकत्र केल्या आणि आकार-प्राचल त्या सामाईक मालिकेवरून काढला, तर तो स्थिरावतो. माझ्या मते कोकणातील कोणत्याही केंद्रासाठी, तेवढा वेळ असेल तर, हीच रीत पसंत करावी. फक्त किनारपट्टी आणि घाटमाथा एका टोपलीत घालू नये.

उत्तराला पट्टा जोडणे

४६२ मिलिमीटर या उत्तराची खात्री किती? गंबेलसाठीच्या नेहमीच्या सूत्राने, ५० वर्षांच्या मालिकेत त्याची प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो याचे माप, सुमारे ५० मिलिमीटर येते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाचा पट्टा साधारण ३६४ ते ५६० असा पसरतो. त्याची खालची कड आणि वर काढलेला २५ वर्षांचा पाऊस जवळजवळ एकच आहेत. ‘शंभर वर्षांचा पाऊस ४६२.३ मिलिमीटर’ असे दशांशासह छापणाऱ्याने हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

सूत्राऐवजी बूटस्ट्रॅप वापरायचा असेल, तर ५० आकड्यांतून, उचललेला आकडा परत ठेवत, यदृच्छेने ५० आकडे उचलावेत, त्यांवर सगळी आकडेमोड पुन्हा करावी आणि हे हजारदा करावे. हजार उत्तरे चढत्या क्रमाने लावून खालचे २.५ टक्के आणि वरचे २.५ टक्के सोडले, की उरतो तो पट्टा. उत्तरांचा आयतालेख (हिस्टोग्राम) मात्र अवश्य काढावा. मालिकेत ९४४ सारखा एकच अचाट आकडा असेल, तर सुमारे ३६ टक्के वेळा तो निवडलाच जात नाही, कधी एकदा येतो, कधी दोनदा. परिणामी आयतालेखाला एकाऐवजी दोन-तीन उंचवटे येतात. असे चित्र दिसले, की तुमचे उत्तर पन्नास वर्षांवर उभे नसून एका दिवसावर उभे आहे हे कळते. शिवाय या रीतीत निरीक्षणांपेक्षा मोठा आकडा कधीच उचलला जात नसल्यामुळे पट्टा थोडा अरुंदच येतो. म्हणून बसवलेल्या वितरणातून कृत्रिम मालिका निर्माण करूनही एक पट्टा काढावा आणि दोन्ही ताडून पाहावेत.

वितरण बसले की नाही, हे ठरवण्यासाठी, निरीक्षणे आणि वितरण यांतील सर्वांत मोठे अंतर मोजणाऱ्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीचा नेहमीचा तक्ता वापरण्याची पद्धत आहे. तो तक्ता प्राचल बाहेरून ठाऊक असताना लागू पडतो. इथे ते त्याच आकड्यांवरून काढलेले असतात, त्यामुळे चाचणी जवळजवळ काहीही पास करते. आधी काढलेले बिंदूंचे चित्र तिच्यापेक्षा जास्त सांगते.

कल आहे का, हे विचारणे

वरची सगळी आकडेमोड असे गृहीत धरते, की पन्नास वर्षांत पावसाचा स्वभाव बदललेला नाही. ते तपासण्यासाठी मान-केंडॉल चाचणी वापरावी. मालिकेतील प्रत्येक दोन वर्षांची जोडी घ्यावी, नंतरच्या वर्षाचा आकडा मोठा असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक, आणि सगळ्यांची बेरीज करावी. ५० वर्षांत १,२२५ जोड्या होतात. बेरीज २३५ च्या पलीकडे, कोणत्याही दिशेने गेली, तर ५ टक्के पातळीवर कल आहे असे म्हणता येते. कलाचा वेग प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या रीतीने काढावा: प्रत्येक जोडीचा उतार काढून त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावरचा मधला आकडा, घ्यायचा. सरळ रेषा बसवण्यापेक्षा ही रीत इथे चांगली, कारण ९४४ मालिकेच्या शेवटाकडे असला तरी तो मध्यकाला हलवू शकत नाही.

कल निघाला नाही, याचा अर्थ बदल नाही असा घेऊ नये; ५० आकड्यांत मध्यम बदल सहज लपतो. आणि कल निघाला तरी पाऊस बदलला की मापकाभोवतीची जागा, हे आधी पाहावे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९२६ च्या ओरिसातील पुरानंतर याच प्रकारचे काम केले होते. नदीचे पात्र उंचावले आहे, तेव्हा बांधही उंच करावेत, असे अभियंते म्हणत होते. सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासून महालनोबिसांनी दाखवले, की पात्र उंचावल्याचा पुरावा नाही आणि कारण वरच्या पाणलोटातील जास्तीच्या पावसात आहे. संगणक नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

अहवालात काय लिहावे

उत्तर ५ किंवा १० मिलिमीटरपर्यंत पूर्णांकित करावे आणि शेजारी पट्टा द्यावा. ‘शंभर वर्षांचा पाऊस’ हा शब्दप्रयोग वाचणारा, आता पुढची शंभर वर्षे निवांत, असे समजतो. म्हणून त्याच वाक्यात संभाव्यता लिहावी. दरवर्षी १ टक्का संभाव्यता असलेला पाऊस ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत किमान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के असते, तर शंभर वर्षांत ती ६३ टक्के असते.

त्यापुढे परिशिष्टात पुढील गोष्टी असाव्यात: केंद्राचे नाव आणि अक्षांश-रेखांश, नोंदींचा काळ, वगळलेली वर्षे कारणासह, तारीख साडेआठच्या वाचनाची आहे की आदल्या दिवसाची, वितरण आणि प्राचल काढण्याची रीत, १.१३ चा गुणक लावला की नाही, आणि मालिकेतील सर्वांत मोठा आकडा धरून व वगळून आलेली दोन्ही उत्तरे. वार्षिक कमाल आकड्यांचा संपूर्ण तक्ताही जोडावा. पन्नास ओळींना अर्धे पानसुद्धा लागत नाही, आणि तो असला की पुढच्या माणसाला तुमचे गणित तुम्हाला न विचारता पुन्हा करता येते.